नववीचा उंबरठा

जून उजाडला, की माध्यमिक शाळेत चर्चा दहावीच्या निकालाची. पण शाळेची खरी कसोटी नववीच्या वर्गात लागते. मोफत शिक्षणाचा 2009 चा कायदा 14 वर्षांपर्यंतचा. शालेय पोषण आहार आणि सरकारी मोफत पुस्तकंही आठवीलाच थांबतात. मग पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना एखाद्या नावापाशी बाईंचा आवाज थबकतो, पेन तसंच हातात राहतं. ते मूल पेरणीला गेलेलं असतं, नाहीतर पुस्तकांवाचून घरी बसलेलं. यंदाच्या नियोजनात अशा घरी जाणं सगळ्यात आधी हवं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, हेही तिथेच सांगावं. आणि दहावीत गेलेल्या मुलांनो, तुमची नववीची पुस्तकं याच आठवड्यात शाळेत नेऊन द्या.