टेपच्या तीन खतावण्या



फेब्रुवारी २०११मध्ये गूगलच्या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एक दोष शिरला आणि सुमारे ०.०२ टक्के जीमेलधारकांची पत्रं एकाएकी दिसेनाशी झाली. पत्रांच्या प्रती वेगवेगळ्या डेटासेंटरांत होत्या, पण दोष तिथेही पोचला. वाचल्या त्या टेपवरच्या प्रती, कारण त्या यंत्रणेला जोडलेल्याच नव्हत्या. टेप इतिहासजमा झाली म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

आयबीएमच्या मेनफ्रेम-जगात टेप १९५२ सालच्या ७२६पासून आहे. १९८४मध्ये ३४८० आली आणि मोठ्या रिळांची जागा २०० मेगाबाइटच्या हातात मावणाऱ्या कार्ट्रिजनं घेतली. तरी जॉब लिहिणारा टेप मागायचा आणि ऑपरेटर ती कपाटातून आणून चढवायचा, हा रिवाज सुटला नाही. १९८८च्या सुमारास डेटाची साठवण सांभाळणारं एसएमएस आलं, ते आधी डिस्कसाठी. टेप त्याच्या कक्षेत आली ती नव्वदच्या दशकात, ३४९५सारख्या रोबॉट-लायब्ररींबरोबर. कोणता डेटा कुठे जाणार हा निर्णय तेव्हा जेसीएल, म्हणजे जॉबच्या आज्ञा, लिहिणाऱ्याच्या हातून एसएमएसच्या एसीएस रूटीनकडे, म्हणजे वर्ग ठरवणाऱ्या नियमांकडे गेला.

या रूटीनचा क्रम ठरलेला आहे: डेटा क्लास, स्टोरेज क्लास, मॅनेजमेंट क्लास, शेवटी स्टोरेज ग्रुप. सगळी मेख दुसऱ्या पायरीत. स्टोरेज क्लास रिकामा राहिला तर तो डेटासेट एसएमएसच्या ताब्यात येतच नाही, आणि रूटीनमधली एक निसटलेली अट रात्रीच्या बॅकअपला भलत्याच ड्राइव्हकडे धाडू शकते. स्टोरेज क्लास मिळाला की स्टोरेज ग्रुप ठरतो आणि त्यावरून लायब्ररी. एचसीडी या हार्डवेअर-मांडणीच्या साधनात ड्राइव्हना लायब्ररीचा क्रमांक देणं, एसएमएसच्या आयएसएमएफ पडद्यांवर लायब्ररीची व्याख्या करणं, लायब्ररीशी बोलणारं ओएएम सुरू करणं ही कामं मॅन्युअल उघडून ओळीनं करता येतात.

खरं कसब पुढे लागतं. एकाच टेपची नोंद तीन खतावण्यांत असते. लायब्ररी मॅनेजरकडे एक, टीसीडीबी नावाच्या व्हॉल्यूम कॅटलॉगमध्ये दुसरी, आणि आरएमएम किंवा सीए-१सारख्या टेप व्यवस्थापन प्रणालीत तिसरी. टेप ‘स्क्रॅच’ म्हणजे पुन्हा लिहायला मोकळी, की ‘प्रायव्हेट’ म्हणजे हात लावायचा नाही, याचं उत्तर तिघींनी एकच द्यायला हवं. तिसरी खतावणी मुदत संपल्याचं सांगते आणि ओएएममार्फत उरलेल्या दोन बदलतात. मधे काही अडकलं की हिशेब फाटतो. टीसीडीबीत ‘प्रायव्हेट’ म्हणून अडकून राहिलेली मोकळी टेप फार तर पैसे वाया घालवते. उलट बाजूनं चूक झाली तर हवा असलेला डेटा पुसला जातो.

नासानं २००९मध्ये जाहीर केलं की अपोलो ११च्या चांद्रयात्रेच्या मूळ टेलिमेट्री टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टेपची टंचाई होती. ही गोष्ट एसएमएसच्या जन्माआधीची आहे आणि तिच्याशी मेनफ्रेमच्या मांडणीचा संबंध नाही. पण कुठल्या फिती जपायच्या हा प्रश्न तेव्हाही तोच होता.

आज टीएस ७७००सारख्या आभासी लायब्ररीत मेनफ्रेमला ३४९०ई ड्राइव्ह दिसतात. मागे प्रत्यक्षात डिस्क असतात. काही मॉडेलांत फीत नावालाही नसते. म्हणून कपाट गेलं, पण खतावण्या तिन्ही जागच्या जागी आहेत. परदेशी बँकांची मेनफ्रेम पुण्या-मुंबईतून रात्रपाळीत सांभाळणाऱ्या आपल्या मुलामुलींना या खतावण्यांमधलाच घोळ निस्तरावा लागतो.

तेव्हा या परिषदेला विनंती एवढीच. नवी मांडणी सक्रिय करण्याआधी आयएसएमएफच्या चाचणी-सुविधेत डेटासेटची नावं खरीखुरी घालून एसीएस रूटीन तपासावी. सक्रिय केल्यावर ‘डिस्प्ले एसएमएस, व्हॉल्यूम’ या आज्ञेनं टीसीडीबी आणि लायब्ररी काय म्हणतात ते पाहावं आणि टेप प्रणालीच्या नोंदीशी ताडावं. ही पडताळणी दर महिन्याच्या कामात बसवायची कशी, यावर दुपारच्या सत्रात मोकळेपणानं बोला.