घराचं काम निघालं, समुद्र कुठे ठेवायचा?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही मत्स्यशास्त्राचा माणूस नाही. स्थापत्याचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो, इमारतींची मोजमापं घेणं हे माझं काम आणि मासे पाळणं हा छंद. आजचा विषय नेमका या दोन्हींच्या मधला आहे. आपल्या आदिलाबादेत खाऱ्या पाण्याच्या टाक्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील. पण मागच्या थंडीत आपल्यातल्याच एका काकूंच्या घराची फरशी आणि गळका स्लॅब काढायचा ठरला, हॉलमध्ये पाच फुटी टाकी होती, आणि ती हलवताना अर्धी गल्ली गोळा झाली. तेव्हापासून लोक विचारताहेत, म्हणून सचिवांनी मला उभं केलं.

टाकी काकांची. काका आता नाहीत. मुलगा परगावी असतो, तो फोनवर म्हणाला, “आई, देऊन टाक कोणाला तरी, कुठे हा व्याप.” काकू म्हणाल्या, “त्यातली जोडी अकरा वर्षांची आहे. घर नंतर करू.” नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे ते क्लाऊनफिश, मुलं ज्याला निमो म्हणतात ते. सांभाळले तर दहा वर्षांच्या वर सहज जगतात. त्यामुळे प्रश्न असा होता की घरही व्हावं आणि जोडीही राहावी.

आधी मोठ्या माणसांचं काय होतं ते सांगतो. नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईला गेलेल्यांपैकी अनेकांनी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं असेल. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ते उघडलं. नूतनीकरणासाठी बंद ठेवून २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं, तेव्हा त्यात १२ फूट लांबीचा काचेसारखा पारदर्शक बोगदा आला. २०२० च्या टाळेबंदीत ते परत बंद झालं आणि इमारतीच्या अवस्थेमुळे पुढची वर्षं बंदच राहिलं. ज्यांचा धंदाच मासे सांभाळण्याचा, त्यांनासुद्धा इमारतीचं काम निघालं की सगळं थांबवावं लागतं.

दुसरं उदाहरण त्याहून मोठं. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचं काम चालू असताना वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ सापडले. वन्यजीव कायद्याखाली परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती हलवल्या, काही हाजीअलीजवळच आणि काही कुलाब्याच्या नेव्ही नगर भागात. पर्यावरणवाद्यांनी त्यावर आक्षेपही घेतले. ते बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण १८ वसाहतींसाठी पाहणी, परवानगी आणि नवी जागा आधी ठरवणं, हा क्रम मला आवडला. आपण उलटं करतो. मेस्त्री दारात येतो आणि मग आपण विचारतो, टाकी कुठे ठेवू?

आता जागेचं. पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच म्हणजे २० घनफूट, जवळजवळ ५६६ लिटर. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड असतं, म्हणजे पाण्याचेच ५८० किलो. काच, दगड, स्टँड धरून साडेसातशेच्या पुढे. राहत्या खोलीचा स्लॅब आपण चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून काढतो. ही टाकी एक चौरस मीटरसुद्धा जागा घेत नाही आणि तेवढ्यात चौपट वजन ठेवते. लगेच काही कोसळत नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण जुन्या, गळक्या स्लॅबवर हा खेळ नको. “तात्पुरती वरच्या खोलीत सरकवू” हे वाक्य मी तिथेच थांबवलं. शेजारच्या दादांनी तळमजल्यावरची खोली दिली. दादांचे उपकार.

टाकी पाण्यासकट हलवायची नाही, अर्ध्या पाण्यानेही नाही. काच वाकत नाही, सिलिकॉनचा सांधा सुटतो, आणि तो तिथेच दिसत नाही, चार दिवसांनी रात्री दोन वाजता दिसतो.

खरी गोष्ट मात्र पाण्यात नाही, दगडांत आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. दगडांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगड वाळले किंवा हवेशिवाय बंद बादलीत पडून राहिले की हे जिवाणू मरतात, आणि टाकी दिसायला स्वच्छ पण आतून नवी होते. मग तिसऱ्या दिवशी मासे तळाशी. म्हणून आधी टाकीतलंच पाणी ड्रममध्ये काढायचं, दगड त्यात बुडवायचे, हवेचा पंप लावायचा. दगड निघाले आणि पाणी वीतभर राहिलं की मासे सहज हाती येतात; त्याआधी जाळी घेऊन मागे धावू नये. वाळू जुनी असेल तर तिच्या थरांत घाण आणि सडका वायू अडकलेला असतो. ती ढवळून तशीच परत टाकायची नाही. आम्ही शेजारच्या खोलीत तळ मोकळाच ठेवला.

काकूंच्या टाकीतून साडेचारशे लिटर निघालं. तीनशे जपून ठेवलं, दीडशे नवं केलं. लिटरला ३५ ग्रॅम म्हणजे सव्वापाच किलो समुद्री मीठ, आदल्या दिवशी कालवून फिरतं ठेवलेलं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.

ड्रमबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आपला जिल्हा कापसाचा. निळे ड्रम, कॅन स्वस्तात मिळतात ते कुठून आलेत हे विचारा. फवारणीच्या औषधाचा अंशसुद्धा माशांना पुरे आहे, धुऊन जातो असं समजू नका. घरकामातही तेच. हवेचा पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. खोलीत थिनर, वॉर्निश किंवा वाळवीची फवारणी चालू असेल तर तेच पाण्यात जातं. सिमेंटची धूळ पाण्याचा समतोल बिघडवते. काकूंचा मेस्त्री तेलुगू माणूस, त्याने पहिल्यांदा ऐकून हसून घेतलं; नंतर रंगाच्या दिवशी तोच दादांच्या खिडक्या लावून आला.

हंगामाचंही पाहा. आपल्याकडे शाळा सुटल्या की मे महिन्यात घराची कामं निघतात. या टाकीला २४ ते २७ अंश हवेत आणि आपल्याकडे बाहेर पारा ४३-४४ ला जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, त्यात वीज गेली तर संपलंच. थंडीत आपलं आदिलाबाद तेलंगणात सर्वांत गारठतं, पण गारठ्याला हीटर आहे. म्हणून काम डिसेंबरात घेतलं. पाणी आटलं तर गोडं पाणी घालायचं, खारं नाही. मीठ वाफ होऊन जात नाही.

त्या दिवसांत एका पाहुण्याने सुचवलं, नव्या फरशीवर टाकी येतेच आहे तर खरे प्रवाळ आणून टाका. सरकारी नोकर म्हणून नाही, माणूस म्हणून सांगतो, आपल्या समुद्रातून काढलेले प्रवाळ घरात ठेवता येत नाहीत. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, तसेच समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कोणी पिशवीतून आणून दिले म्हणून ते आपले होत नाहीत. काकूंच्या टाकीत रेझिनचे नकली आहेत, काकांनीच निवडलेले. जोडी त्यांच्याच आडोशाला झोपते.

सहा आठवड्यांनी टाकी परत आली. नव्या फरशीला न्हाणीघराकडे उतार दिला होता, म्हणून स्टँडखाली पट्ट्या घालून लेव्हल लावली. पाणी भरलं, दगड मांडले, क्षारता आणि तापमान जुळवलं, अमोनिया शून्य आल्यावरच मासे सोडले, तेही थेंब थेंब पाणी मिसळत दीड तासाने. मादी पहिला दिवस खायला आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला, “आली रे.”

माझ्याकडे चार स्वच्छ ड्रम, बॅटरीवरचा हवेचा पंप आणि क्षारता मोजायचं यंत्र आहे. कोणाच्या घराचं काम निघालं तर दोन आठवडे आधी कळवा. मीठ इथे मिळत नाही, हैदराबादहून मागवावं लागतं. आणि ड्रम धुऊन, साबण न लावता, परत करा.