संगणकांतला दुभाषा

लायनस टोरवाल्ड्‌स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटांत एक विलक्षण वाक्य आहे: ‘एलपी झीरो ऑन फायर.’ म्हणजे पहिल्या प्रिंटरला आग लागली! हें वाचून पाण्याची बादली घेऊन धांवणारा गृहस्थ हास्यास्पद खरा. पण ही निव्वळ थट्टा म्हणून सोडून देणाराहि चुकतो. जुन्या धाटणीच्या प्रिंटरकडून संगणकाकडे परत येणाऱ्या खुणेच्या तारा अवघ्या पांच. कागद संपला, प्रिंटर कामास सज्ज नाहीं, एवढें त्यांवरून नेमकें कळतें. परंतु कागद आहे, प्रिंटरहि सज्ज आहे, आणि तरी दोषाची तार खूण देतेच आहे, अशा वेळीं बिचाऱ्या ड्रायव्हरनें म्हणावें तरी काय?

ड्रायव्हर हा उपकरण आणि सिस्टिम यांच्यामधला दुभाषा. जें ऐकूं आलें तेवढेंच तो सांगतो. रोगाचें निदान करणें हें त्याचें काम नव्हे.

घरोघरीं घडणारा प्रसंग घ्यावा. लग्नामुंजींचीं छायाचित्रें सांठवलेली बाहेरची डिस्क एके दिवशीं उघडेनाशी होते. ‘डी-मेसेज’ ही आज्ञा दिली म्हणजे सिस्टिमची रोजकीर्द पडद्यावर येते. तींत ओळ असते: ‘यूएसबी १-२, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर वजा ७१.’ ओळीच्या आरंभींचा आंकडा म्हणजे संगणक सुरू झाल्यापासून लोटलेले सेकंद. ‘१-२’ म्हणजे पहिल्या मार्गावरचें दुसरें द्वार. डिस्क्रिप्टर म्हणजे उपकरणानें सांगावयाचें आपलें नांवगांव. वजा ७१ चा अर्थ, संभाषण ठरल्या रीतीनें झालें नाहीं; याच जागीं वजा ११० असतें, तर उत्तर मुदतींत आलेंच नाहीं असें समजावें. डिस्क मेली, असें येथें कोणीहि म्हटलेलें नाहीं. केबल सदोष असेल, मधला हब पुरेशी वीज देत नसेल. तेव्हां केबल बदलावी, हब काढावा, दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावें. तेथेंहि तीच ओळ आली, तर मात्र संशय उपकरणावर.

संगणकाच्या आंत बसवलेल्या डिस्कच्या ओळींत याहून सूक्ष्म भेद असतो. महिरपी कंसांत ‘आयसीआरसी’ हीं अक्षरें असलीं, तर मजकूर वाटेंत बिघडला; दोष बहुधा केबलचा, आणि तो थोड्या पैशांत जातो. त्याच जागीं ‘यूएनसी’ आलें, तर डिस्कला स्वतःच लिहिलेलें वाचतां येत नाहीं. आगीच्या आरोळीपुढें हीं तीन अक्षरें किती सौम्य! पण घाबरावयाचें तें यांना. अशा वेळीं डिस्क पुनःपुन्हा चालू-बंद करूं नये, दुरुस्तीचे प्रयोगहि करूं नयेत. तिच्यावर नवें कांहीं न लिहितां, वाचतां येईल तेवढें तत्काळ दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावें.