आमरीचे बीज

बुऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत इच्छापूर हे गाव आहे. इच्छादेवीच्या टेकडीमुळे ते सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. भोवती तापीच्या खोऱ्यातील काळी माती आणि केळीच्या बागा. अशा मुलखात ऑर्किडची, म्हणजे आमरीची गोष्ट काढली, तर ऐकणाऱ्याला नवल वाटेल. आमरी म्हटले की सिक्कीम-आसामची दमट अरण्ये डोळ्यांपुढे येतात. परंतु मध्य भारतात आणि दख्खनमध्ये आंब्या-मोहाच्या जुन्या झाडांवर या कुळातील एक वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. तिचे नाव वांदा. काही प्रांतांतील वैद्य तिलाच रास्ना म्हणतात.

जाड, पन्हळीसारखी पाने, पिवळसर फुलांवर तपकिरी चौकड्यांची नक्षी, मधली पाकळी निळसर जांभळी आणि मंद सुगंध, असे तिचे रूप आहे. ‘वन्दा’ हा मूळ संस्कृत शब्द झाडावर वाढणाऱ्या बांडगुळासाठी होता. विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो आमरीला लावला आणि पुढे तोच वनस्पतिशास्त्रात रूढ झाला. मात्र या नावाबरोबर एक खोटा आरोपही तिला चिकटला. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या अंगात रुतवून त्याचा रस शोषते. वांदा असे काही करीत नाही. तो केवळ सालीला धरून राहतो. त्याच्या लोंबत्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे पाणी आणि दंव ते टिपून घेते. झाडाकडून त्याला आसरा हवा असतो, अन्न नव्हे. तरीही बांडगूळ समजून तो खरवडून टाकला जातो.

मग एकदा नाहीसा झालेला वांदा पुन्हा का उगवत नाही? त्याच्या बोंडात बियांची वाण नसते. डार्विनने इंग्लंडातील एका आमरीच्या एकाच रोपावर सुमारे १,८६,००० बिया असाव्यात, असा हिशेब केला होता. शुभवर्तमानातील मोहरीचा दाणा लहान खरा. पण आमरीच्या बीपुढे तोही थोरलाच ठरेल. हे बी धुळीसारखे वाऱ्यावर तरंगते. मात्र या हलकेपणाची किंमत मोठी आहे. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी बांधलेली असते. आमरीच्या बीजवळ ती जवळजवळ नसतेच.

ही शिदोरी कोण पुरवितो, हे नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखले. सालीच्या भेगांत किंवा पालापाचोळ्यात राहणारी सूक्ष्म बुरशी बीजात शिरते आणि तिच्यापासून कोवळा अंकुर अन्न मिळवितो. ती योग्य बुरशी भेटली नाही, तर लाखो बिया व्यर्थ जातात. १९२२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे ल्युइस नुडसन यांनी दाखवून दिले की, साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक खळीवर बुरशीवाचूनही हे बी रुजविता येते.

या पद्धतीचे तंत्र केळीच्या मुलखाला परके वाटू नये. ऊतिसंवर्धनाने, म्हणजे ‘टिशू कल्चर’ने, तयार केलेली केळीची रोपे येथील शेतकरी लावतातच. आमरीचे बोंड पक्व होत आले, पण उकलले नाही, अशा वेळी काढतात. ते बाहेरून निर्जंतुक करून आतील बी बाटलीतल्या अगर-अगरच्या थरावर पसरतात. काही आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसू लागतात; पुढे त्यांना पान फुटते, मूळ फुटते. रोपे हाताळण्याजोगी झाली की नारळाच्या सोडणावर किंवा कोळशाच्या तुकड्यांवर सावलीत बसवितात. पहिले फूल येण्यास पाच-सहा वर्षे सहज लागतात. शिवाय केळीची अशी रोपे एका छापाची असतात. बियांपासून आलेल्या आमरीत प्रत्येक रोप निराळे असते. त्यातील एखादे दुष्काळ सोसणारे निघते, आणि निसर्गाला हे वैविध्यच हवे असते.

परंतु बाटलीतून बाहेर पडलेल्या रोपाने जावे कोठे? त्याला खरबरीत साल हवी, विरळ सावली हवी, वारा हवा. बाटलीत वांद्याची शेकडो रोपे वाढविता येतील. शंभर वर्षांचा आंबा मात्र कोणत्याही बाटलीत वाढत नाही. जन्माने स्पॅनिश असलेले जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केले. कपाडिया यांच्यासह त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्यातील आमरींवरचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो चाळताना जाणवते की, आमरीची नोंद ठेवणे म्हणजे तिच्या रानाचीही नोंद ठेवणे होय.

वांदा राखण्यासाठी प्रत्येकाने प्रयोगशाळा उघडण्याची गरज नाही. बांधावरच्या आंब्यावर तो दिसला, तर खरवडू नये. रानातून उपटून कुंडीसाठी आणू नये. स्वतःच्या शेतातील झाड वादळात कोसळले, तर त्यावरील वांदा काथ्याने दुसऱ्या खरबरीत सालीच्या झाडाला, सावलीच्या अंगाने बांधावा. त्याची मुळे हळूहळू तेथे घर करतील. आणि जुने झाड तोडण्यासाठी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी एकदा वर पाहावे. धुळीएवढ्या एखाद्या बीला अनेक पावसाळ्यांनी तेथे जागा सापडलेली असते.