कुत्र्याची शस्त्रक्रिया आणि औषधाची वेळ

घोडनदीच्या कांठीं शिरूर, भीमेच्या कांठीं दौंड. एकाजवळून पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता, दुसऱ्यास आगगाडीचें जंक्शन, आणि भोंवतीं उंसाचे मळे. या मुलखांत वस्तीवरचा कुत्रा कधीं मोटारीखालीं सांपडतो, कधीं बिबट्याच्या जबड्यांतून निसटून येतो. शिवाय २०२३ च्या नियमांन्वयें मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा भार स्थानिक संस्थांवर आहे. शस्त्र चालावयाचें, टांके पडावयाचे. आणि टांके पडले कीं धन्याचा पहिला प्रश्न, जखम चिघळणार तर नाहीं?

चिघळविणारा शत्रु बहुधा घरचाच असतो. स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस नांवाचा जंतु कुत्र्याच्या कातडीवर एरवीं निमूटपणें नांदतो. कातडी कापली कीं तो आंत शिरतो. त्यास अडविण्यासाठीं औषध केव्हां द्यावें, याचें उत्तर १९६१ सालीं बॉस्टनच्या जॉन बर्क यांनीं गिनीपिगांवर प्रयोग करून दिलें. जंतु शिरण्यापूर्वीं दिलेल्या औषधाचा गुण सर्वांत अधिक आला. तीन तास उलटल्यावर दिलेलें वायां गेलें. शस्त्रक्रियेनंतर पांच-सात दिवस गोळ्या चारण्याची जी चाल पडली आहे, तिच्यांत धन्याचें समाधान अधिक, कुत्र्याचें संरक्षण थोडें. उलट त्या गोळ्यांतून वांचलेले जंतु पुढें औषधास दाद देईनासे होतात, आणि असा जंतु घरांतल्या माणसांसही कधीं लागतो.

औषधांत सेफाझोलिन हें जुनें व साधें. शस्त्रापूर्वीं अर्धा ते एक तास तें शिरेंतून द्यावयाचें, किलोमागें २२ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोंच्या कुत्र्यास ४४०. काम लांबलें तर दीड-दोन तासांनीं पुन्हां. सेफ्ट्रिअॅक्सोन त्याहून नवें, म्हणून वरचढ वाटतें. पण या जंतूवर त्याची पकड सेफाझोलिनहून ढिली, आणि माणसांच्या गंभीर दुखण्यांसाठीं तें जपून ठेवावें हें बरें. स्नायूंत टोचलेलें, सावकाश विरघळणारें पेनिसिलिन पुष्कळ वेळ टिकतें खरें. परंतु ऐन वेळीं तें रक्तांत पुरेसें चढलेलें नसतें, आणि यांतले पुष्कळ जंतु त्याला फोडून टाकणारें द्रव्य तयार करतात.

धडधाकट कुत्रीचें निर्बीजीकरण वाफेनें निर्जंतुक केलेल्या हत्यारांनीं तासाभरांत उरकलें, तर बहुधा यांतलें एकही औषध लागत नाहीं. हत्यारें तशीं नसतील तर कोणतेंही औषध तो दोष झांकूं शकत नाहीं.

बिबट्यानें फाडलेली मान ही गोष्ट निराळी. तेथें जंतु आधींच खोल रुतलेले असतात. जखम भरपूर धुणें, मेलेलें मांस काढणें आणि मग दिवस मोजून औषध देणें, हा उपचार झाला, प्रतिबंध नव्हे.