बाळ झोपतं कधी?
नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपतं, पण सलग दोन-तीनच. दिवस-रात्रीचा फरक त्याला कळू लागतो दोन-तीन महिन्यांनी. तोवर घड्याळ लावून उपयोग नाही. दिवसा खिडक्या उघड्या ठेवा, कुकरची शिट्टी होऊ द्या. रात्री दिवा मंद ठेवा, पाजताना गप्पा नकोत, ओलं दुपटं तेवढं बदला. झोपवायचं मात्र नेहमी उताणं, टणक गादीवर. डोकं गोल यावं म्हणून आजी हौसेनं शिवते ती राईची उशीसुद्धा झोपेत नको. उशीनं श्वास अडू शकतो. आजीला पटवणं अवघड, हे मान्य! आणि रात्री ढेकर काढायचं काम वडिलांनी घ्यावं, म्हणजे बाळंतिणीचा लवकर डोळा लागेल.