मस्तकाघात आणि डोळ्यामागील नाद
(मांडवा येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या मंडपात हा विषय रूक्ष वाटेल, हे मी जाणतो. परंतु नारळी-पोफळीवर चढणारे गडी आणि अलिबागच्या रस्त्याने दुचाकी पिटाळणारे तरुण आपल्या वाडीवाडीत आहेत; म्हणून तो मांडण्याची अनुज्ञा घेतो.

डोक्यास मार लागला, टाके पडले, जखम भरली, की आपण देवापुढे नारळ फोडून निश्चिंत होतो. बहुधा त्यात काही चूक नसते. पण क्वचित, काही दिवसांनी वा आठवड्यांनी, रोगी म्हणू लागतो, "डोक्यात सूं सूं आवाज येतो." हा आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर चालतो. मग एक डोळा लाल होऊन पुढे येतो. एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. घरची मंडळी 'डोळे आले' असे समजून थेंब घालीत बसतात. घात होतो तो येथेच.

मेंदूस रक्त पुरविणारी मोठी रोहिणी मानेतून वर चढून डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी, नीलांच्या एका डोहातून जाते. तेथील हाड मोडले असता तिला चीर पडू शकते. उधाणाने बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात घुसते, तसे रोहिणीचे जोराचे रक्त त्या डोहात शिरते व डोळ्याकडे उलटते.

डॉक्टर मिटलेल्या पापणीवर श्रवणनळी ठेवून हा नाद ऐकू शकतात. सी. टी. व एम. आर. आय. चित्रांत फुगलेली नीला दिसते. निश्चिती मात्र अँजिओग्राफीने, म्हणजे रक्तवाहिनीत क्ष-किरणांस दिसणारे द्रव्य सोडून घेतलेल्या चित्रांनी, होते. ही विद्या लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली प्रथम दाखविली.

उपचाराचा इतिहासही बोधप्रद आहे. १८०९ साली लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी मानेतील रोहिणीच बांधून टाकली. त्यात मेंदूचे रक्त तुटण्याचे भय होते. १९७४ साली मॉस्कोच्या सर्बिनेंको यांनी रक्तवाहिनीतून फुगा नेऊन तो आत सोडून देण्याची रीत प्रसिद्ध केली. आज जांघेतून बारीक नळी नेऊन बहुधा प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी बसवितात. कवटी उघडावी लागत नाही. मंद वाहणारी जोडणी कधी आपोआपही मिटते. परंतु ती वाट डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाहावी. उपचारानंतर आवाज थांबतो, लाली ओसरते. गेलेली दृष्टी मात्र परत येईलच असे नाही.

एके काळी पावसाळ्यात लाँच बंद पडली की मुंबई समोर असूनही दूर होई. २०२० पासून मोटारी नेणारी बोट मांडव्याहून भाऊच्या धक्क्यास जाऊ लागली आहे. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून गोरगरिबांची सेवा करीत आहे, आणि तेथे मेंदूच्या विकारांचे तज्ज्ञ आहेत. तेव्हा अंतराची सबब आता फारशी उरलेली नाही.

मार लागताच अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे. पुढे डोळा लाल झाला वा कानात नाद उमटला, तर जुन्या अपघाताची हकीकत डॉक्टरांस आवर्जून सांगावी. आणि मुलांच्या हाती दुचाकीची किल्ली देताना शिरस्त्राणही द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.